बिब्ब्याभोवतीची दोरी

५ जाने.
स्वतःच्या हाताने केलेलं, आजवर: दगडी बांध, चाळीस फूट. विहिरीचं पत्र्याचं झाकण. वाफे अकरा. झाडंझुडपं बासष्ट, सगळी इथल्या रानातली, बियांपासून. त्रेसष्टावा बिब्बा, तो या चेणे गावात माझ्या आधीपासून. पट्ट्या त्रेसष्ट: जुन्या चादरीच्या, नावं बिब्ब्याच्या तेलाने लिहिलेली, वर चुना. आधीच्या पत्र्याच्या पाट्यांवरचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला होता. हे जात नाही.

शुक्रवारी शाळेची सहल. सातवी, अडतीस मुलं. मुख्याध्यापकांचा फोन: "आधी तो बिब्बा तोडा. अंगावर फोड येतात म्हणे."
म्हटलं, येतात. माझ्या मनगटावर आलेत. झाड राहील, दोरी बांधतो. चालत नसेल तर सहल नको.
बायको, सुनंदा: "चार वर्षांत पहिली शाळा येतेय. तिलाही हाकला!"

८ जाने.
विज्ञानाच्या कदमबाईंचा मेसेज. जबाबदारी त्या घेतायत, येतायत. दोरी बांधली. खोडापासून सहा फूट चार इंच, चारी बाजूंनी मोजून.

९ जाने.
आले. "अंकल, गुलाब किधर है?" गुलाब नहीं है, बैठो.
एक पट्टी साबणाने घासून दाखवली. अक्षर तसंच. टाळ्या. दहावी नापास लेथ मशीनवाल्याला, मला, टाळ्या.
मग बिब्ब्यापाशी अस्मिता नावाची मुलगी: "काका, इथे 'फळ विषारी' लिहिलंय. आम्ही तर याची फुलं खातो."
फुलं नव्हेत बाळ, म्हणायला गेलो...
"बीच्या वरचा केशरी भाग. त्यालाच फुलं म्हणतात. हिंगोलीहून आजी वाळवून आणते. काळं बी तीच काढते, हाताला तेल लावून."
अडतीस मुलांसमोर. म्हटलं, खात्री करून सांगतो.
दोरी कोणी ओलांडली नाही.

१० जाने.
कदमबाईंनी आजींना फोन लावून दिला. मुलगी बरोबर. आजी वर हसल्या: "झाड राखलं आन् खाल्लं न्हाई व्हय?"
नवी पट्टी: 'काळं बी: हात लावू नये. केशरी भाग: जाणकार वाळवून खातात. माहिती: अस्मिताची आजी.'
बागेत दुसऱ्याचं नाव पहिल्यांदाच. अक्षर जरा मोठं काढलं.

१७ जाने.
मुख्याध्यापक, सोबत शाळेचे अध्यक्ष. तासभर फिरले. बाग आवडली. त्यांचा प्रस्ताव: बाहेर शाळेचा बोर्ड, आत छापील पाट्या, मी पगारी माळी.
"आणि बिब्बा?" मी विचारलं.
"तो तर काढावाच लागेल ना. पालकांना काय सांगणार?"
नवी पट्टी वाचायला दिली. अध्यक्षांनी वाचली. "या चिंध्यांची पण व्यवस्था करू."
चहा घ्या, म्हटलं, आणि निघा.
गाडीत बसता बसता मु.अ.: "मग आठवीची सहल विसरा."
सुनंदा आतून सगळं ऐकत होती. कप उचलताना एवढंच म्हणाली, "दोरी एका बाजूने सैल झालीय. उद्या ताणा."
ताणतो. कदमबाईंचा अजून फोन नाही.
नोंद राहावी म्हणून, त्यांच्या अटी: जमीन माझीच, बाग पाच वर्षं त्यांची, पट्ट्या उतरवायच्या, बिब्बा तोडायचा. नाही म्हटलं. देत होते बारा लाख रुपये.