गॅडोलिनियम आणि रसवंतीचा बर्फ

अण्णा, काल आईला मशीनमध्ये घातलं. मी जालन्यात एमआरआय सेंटरवर तंत्रज्ञ आहे, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आईचं डोकं दुखतं, डावा हात मधूनमधून बधिर होतो. जाफराबादहून ती एकटीच एसटीने आली. माझा सहकारी रजेवर होता, म्हणून तपासणी मीच केली. आत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो. तिने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, आणि मग बटव्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक करडा तुकडा. "हे बाहेर ठेव बाई. तुझ्या अण्णाचं हाय. आत उडून जाईल न्हाई तर." तो तुकडा तुमच्या वर्गातल्या सामानाबरोबर शाळेत जमा झाला, असं मी धरून चालले होते. दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात म्हणून तुम्ही त्यावर तिचं नेलपॉलिश लावायचात. काल ते ताजं होतं. ती अजून लावते.

मला तुमचा विज्ञानाचा वर्ग दिसतो. एप्रिल आहे, वर पत्रे तापलेत, मागे गावातले पाहुणे बसलेत. तुम्ही सांगता, हे गॅडोलिनियम, दुर्मीळ मृदा धातू, चुंबकाला चिकटतं. तुम्ही ते थंडीत, सकाळच्या पारी करून पाहिलेलं. आता तुकडा टेबलावर पडतो. पुन्हा पडतो. "गुरुजी, त्याचं अन् चुंबकाचं भांडण झालं का काय?" मागून कोणीतरी म्हणतं, सगळे हसतात. तुम्ही त्यांच्याकडे पाहत नाही, भिंतीवरच्या तापमापीकडे पाहता, आणि मला डबा देऊन स्टँडवर पाठवता. "गुरुजीला रस न्हाई, नुसता बर्फच?" रसवंतीवाला विचारतो. बर्फातून काढलेला तुकडा चुंबकाला असा चिकटतो की तुम्हाला तो ओढून काढावा लागतो. "साधारण वीस अंशांच्या खाली हे लोखंडासारखं वागतं," तुम्ही म्हणालात, "वर गेलं की सोडून देतं. त्याची चूक न्हाई. मी मोसम पाह्यला न्हाई." घरी जाताना मी रडत होते, लोक तुम्हाला हसले म्हणून. तुम्ही चालणं न थांबवता म्हणालात, "रडून काय राह्यली? आधी तापमान बघावं." तेव्हापासून मी तेच करते. तुम्ही गेलात त्या दिवशी बाया म्हणाल्या, पोरगी दगडाची आहे.

मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळावं म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं आणि इंजेक्शनला होकार दिला. त्यातही गॅडोलिनियमच असतं. त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात; जवळच्या पाण्याच्या रेणूंवर त्यांचा परिणाम होतो आणि ती जागा पडद्यावर उजळते. सुटं असलं तर ते विषारी, म्हणून दुसऱ्या एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात, म्हणजे मूत्रपिंडं ते तसंच बाहेर टाकतात. निरोगी मेंदूत ते शिरत नाही. जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर फुटलेला असतो तिथेच शिरतं. काल उजव्या बाजूला एक जागा उजळली. कडा नीट नव्हत्या. मी स्कॅनचा पुढचा क्रम लावला.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील." तसा नियमच आहे.

"तुझं तोंड बिलकुल बापासारखं हाय. कायीच सांगत न्हाई." मग म्हणाली, "ते दे माझं."

तुकडा तिने दिला तेव्हा तिच्या अंगाच्या उबेने कोमट होता. मी तो एसीखालच्या फळ्यावर, कागद धरणाऱ्या चुंबकाला लावून पाहिला होता. राहिला नाही, म्हणून खालच्या पट्टीवर चुंबकाला टेकवून ठेवला. तपासणी संपेपर्यंत तो गार होऊन चिकटला होता. ओढून काढावा लागला.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तिला तो लगेच दिला नाही. तो पुन्हा कोमट होईपर्यंत मुठीत धरून उभी राहिले. प्लास्टिक सापडत नाही, असं तिला सांगितलं. प्लास्टिक टेबलावरच होतं.