बाबा किती वेळा पडले

आई,

मी कामावर जातेय. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खाऊन घे.

बाबांचा मेंदू ज्या प्रयोगशाळेला दिला, तिचा फॉर्म टेबलावर आहे. बाकी सगळा मी भरलाय. 'बॉक्सिंग करताना किती वेळा शुद्ध हरपली?' एवढंच तुझ्यासाठी सोडलंय. आल्यागेल्याला तू 'आमचे हे कधी आडवे झाले नाहीत' म्हणतेस, ते खुशाल म्हण. इथे मात्र खरं लिही. शेवटी शेवटी ते तुझ्यावर हात उगारायचे, मला 'बाई, आपण कोण?' विचारायचे. तो त्यांचा स्वभाव नव्हता.

धाकटा सोमवारपासून पुन्हा रिंगमध्ये उतरणार म्हणतोय. माझं बोलणं तो हसण्यावारी नेतो. फॉर्म पाकिटात घालण्याआधी तू स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा त्याला वाचू दे.

— थोरली