नायिका तुम्ही निवडा

३ नोव्हेंबर, सौसर
पोचले एकदाची! बस स्टँडवर भिवाजीकाका स्वतः घ्यायला आले होते, हातात घरच्या संत्र्यांची पिशवी. निवृत्त शिक्षक आहेत. आमची नागपूरची कंपनी मोबाईलवर गोष्टींचे खेळ बनवते. पुढे काय घडावं ते वाचणारा निवडतो. काकांनी अशी एक गोष्ट सहा वह्यांत लिहिली आहे. ती खेळात बसवेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहणार. प्रेमलताकाकूंनी समोरची खोली झाडून ठेवली होती.

५ नोव्हेंबर
नायिका अमिता. सतरा वर्षांची, अडखळत बोलणारी, हट्टी. वाचणाऱ्याने कुठलीही वाट धरली तरी ती अमिताच राहते. काकूंनी भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यांची एकुलती मुलगी अमिता, नऊ वर्षांपूर्वी तापाने गेली. काका म्हणाले, "वहीत मोठी होऊन राहिली ना थे."

१० नोव्हेंबर
कंपनीतून आमच्या सौरभ सरांचा फोन. लोकांना दुसऱ्याची पोरगी नको, गोष्टीत स्वतःला पाहायचं असतं. नाव, चेहरा, स्वभाव त्यांनाच निवडू दे. काकांना विचारलं. म्हणाले, "तिले भलत्या नावानं हाक मारू देजो नको, पोरी." मी हो म्हटलं. आणि दुपारी खेळातून अमिताला सगळीकडून पुसलं. नोकरीला तीनच महिने झालेत माझ्या.

११ नोव्हेंबर
भिंतीवरच्या फोटोत वेणी आहे, रिबीन आहे. चेहरा नाही. काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आमाले लेकरू कुठं हाय?

१३ नोव्हेंबर
वह्यांतही नुसत्या कोऱ्या जागा. काका पानं उलटत रडत होते. इथं कोणीतरी होतं म्हणाले. मी नाव सांगितलं. त्यांना ओळखू आलं नाही.

१४ नोव्हेंबर
सरांनी खेळ लोकांना चाचणीला दिला. फोटोत दर तासाला नवा चेहरा. गोरी, चष्मेवाली, केस कापलेली. काकूंनी सकाळी तिला पिंकी म्हटलं, दुपारी एंजल. काका फोटोकडे पाठ करून बसलेत.

१५ नोव्हेंबर
बघवत नाही. तिला खेळात परत लिहायला बसले. माझ्या रोजनिशीत तिच्याविषयी चार शब्द आहेत, तेवढ्यात माणूस उभं राहत नाही. उरलेलं माझं घातलं. माझी हनुवटी. माझा वाकडा दात. पाण्याची माझी भीती.

१६ नोव्हेंबर
फोटोत चेहरा आला — दात वाकडा — काकांनी अंगणातून हाक मारली, अमिता, चहा झाला — माझ्याकडे बघून —

१७ नोव्हेंबर
आईला तीनदा फोन केला. म्हणाली, राँग नंबर, आम्हाला एकच मुलगा — काकू माझी वेणी घालतायत, हसतायत, रडतायत —

दुपारी
पुसायला बसले. पण तिच्यात आता सगळं माझंच — पुसलं तर मी — काका हात जोडून उभे. म्हणतात, नऊ वर्षांनी आली, आता जाऊ नको, बाई — कसं सांगू त्यांना, मी तुमची —