गरम पाण्याच्या पाइपाबाबत माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, निवृत्त लघुलेखक, पूर्ण शुद्धीवर आहे. रागातही आहे, पण रागाने बुद्धी बिघडलेली नाही, हे आमच्या डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितो.

१. तळमजला, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व चीजवस्तू माझ्या पत्नीच्या.

२. वरचा मजला माझ्या धाकट्या भावाला. तो बांधकामाची कंत्राटे घेतो. मजला त्याने केव्हाच आपला धरला आहे. पडद्यांची मापेसुद्धा घेऊन गेला.

३. आमचे गंजलेले लोखंडी पाइप यानेच बदलले. गरम पाण्याला तांब्याचा घाल, असे मी दहादा बजावले होते. पठ्ठ्याने थंड पाण्याचाच साधा प्लॅस्टिकचा पाइप गीझरला जोडला आणि वरून फरशा बसवून मोकळा झाला. पाइप मऊ पडला, नळाजवळचा सांधा निखळला आणि कढत पाणी हिच्या उजव्या हातावर आले. बोटे आखडली ती कायमची. हातचे शिवणकाम सुटले. जाब विचारला तर म्हणतो, "दादा, भिंतीच्या आत कोण बघतंय?" आणि पाहुण्यांसमोर, "वहिनीनंच गीझर जास्त तापवला." या दुसऱ्या वाक्यासाठी मी मेल्यावरही त्याला सोडणार नाही. ही म्हणते, "जाऊ द्या हो, आपलाच आहे." आपला आहे म्हणूनच जास्त झोंबते.

४. माझ्यामागे फरशा फोडून तांब्याची लाइन टाकावी. काम परक्या प्लंबरला द्यावे. भाऊ फुकट करतो म्हणाला तरी त्याच्या हातात पाना देऊ नये.

५. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही, याची वकिलांकडून खात्री करून घेतली आहे. भावानेच तशी सही केल्यास वरचा मजलाही पत्नीचाच. आज भावाला सहीसाठी बोलावले आहे. कागद त्याच्यासमोर उघडा ठेवीन, हवा तेवढा वेळ देईन. त्याने वाचून वहिनीची माफी मागितली, तर हा तिथेच फाडीन आणि मजला त्याला देणारा नवा लिहीन. "दादा, वाचायचं काय त्यात, कुठे सही करू सांग," म्हणाला, तर त्याचे नशीब.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ७ मार्च, शनिवार

मृत्युपत्र करणार: (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार पहिले: शेजारी राहणारे आमचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: कलम दोनमधील धाकटा भाऊ (सही)