पिंजारपुऱ्याच्या तोरणाची खुंटी

मी, भैय्याजी महादेवराव उमाटे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा गादीभराईचा, राहणार पिंजारपुरा, वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. फिरते ते फक्त मुलाचा फोन आल्यावर.

१. राहते घर व खालचे दुकान मुलगी मयुरी हिला. मुलगा भूपेंद्र याला नाही. तो नागपूरहून एकच विचारतो, "बाबा, काऊन त्या ओसाड गल्लीत पडून राह्यले? बिल्डर मागे लागून राह्यला." अरे, ओसाड केली कोणी? इथे पिंजारी होते, कासार होते, शिंपी होते. एकेकाने घर विकले, कॉलनीत गेले, आणि आता येऊन म्हणतात, इथे गाडी लावायला जागा नाही! भूपेंद्रने बँकेतली ठेव घ्यावी आणि गप्प बसावे.

२. शेवटचा पिंजारी जाताना कापूस पिंजायची त्याची पिंजण माझ्याकडे ठेवून गेला. ती शोभेसाठी भिंतीवर टांगू नये. त्यापेक्षा चुलीत घाला.

३. मयुरीला अट एकच. तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल ज्या तोरणाखाली उभे राहतात, ते माझ्या माडीच्या खुंटीपासून समोर बापूरावच्या खुंटीपर्यंत बांधतात. मागल्या वर्षी दोनच बैल आले. तरी बांधले. ही खुंटी कोणी उपटायची नाही.

४. या बापूराव झाडेने नालीचा उतार माझ्या दाराकडे काढला, तेव्हापासून आमचे बोलणे बंद. तोरण बांधतानाही तो पोरांना म्हणतो, "त्याले सांगा, दोर ढिल्ला हाय." पण त्याची कंबर गेलेली मला माडीवरून रोज दिसते. म्हणून माझ्या हातची शेवटची गादी त्याला लिहिली होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको. आता आली का पंचाईत! भरलेली गल्ली होती, आज साक्षीला दुसरे दार उघडे नाही.

गादी की सही, असे वकिलांकरवी विचारले. बापूराव थेट माझ्याशी बोलला, "भैय्याजी, गादी राहू दे. तुही खुंटी गेली तं मी दोर कुठी बांधू? आण कागद."

सबब कलम चार रद्द.

ठिकाण: पिंजारपुरा, वर्धा
दिनांक: ७ जुलै २०२५

सही: भै. म. उमाटे

साक्षीदार:
१. बापूराव झाडे, समोरचे घर
२. अंकुशराव भोयर, मेहुणे, देवळीहून बोलावले; गल्लीत दुसरे कोणी नाही