चौदा नंबरच्या संगणकावर पहिली पायरी न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, तंत्र विभाग,
तिसरा मजला.

(मार्फत : पाळीप्रमुख, कंपोझिटिंग विभाग)

विषय : नव्या कमांड लाँचरची पायरी क्र. १ संगणक क्र. १४ ला लागू न करण्याबाबत.

संदर्भ : १) ‘लाँचर : सुरुवात कशी करावी’ हे आपले एकपानी पत्रक.
२) माझ्या कामाची गती घटल्याबद्दल खुलासा मागणारे पाळीप्रमुखांचे पत्र.

महोदय,

आपल्या पत्रकाला उत्तर द्यायचे नसते, ते फक्त पाळायचे असते, हे मला ठाऊक आहे. तरीही पुढील बाबी आपल्यापुढे ठेवत आहे.

१. मी या विभागात एकोणीस वर्षे कंपोझिटर आहे. आपण नुकतेच दुसऱ्या शाखेतून आला आहात म्हणून सांगते : चित्रपटासाठी वेगवेगळ्या वेळी टिपलेली चित्रे एकावर एक ठेवून ती एकाच वेळी टिपली असे भासवणे, हे आमचे काम. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञा मेनूत शोधत बसू नये म्हणून लाँचर आहे. टॅब दाबला की लहान पेटी उघडते, दोन अक्षरे लिहिली की आज्ञांची यादी येते आणि एंटर दाबला की पहिली आज्ञा चालते. जी आज्ञा या पेटीतून जास्त वेळा वापरली ती यादीत वर. हा हिशेब एका लहानशा फाईलमध्ये राहतो. आपल्या पत्रकाची पहिली पायरी अशी आहे : ‘जुनी वापर-फाईल काढून टाका.’

२. संगणक क्र. १४ वर सहा वर्षे दोन माणसे बसत होती. सकाळी सात ते दोन माझे पती आणि दोन ते नऊ मी. घरात एक उठे तेव्हा दुसरे झोपलेले. आमची भेट म्हणजे पाळी बदलतानाची दहा मिनिटे, तीही खुर्चीपाशी उभ्या उभ्या. त्यात गॅसचे, शाळेचे, त्यांच्या आईच्या गोळ्यांचे बोलून व्हायचे.

३. माझ्या कामात ‘ग्रेड’ ही आज्ञा सतत लागते, तिने दोन चित्रांचे रंग जुळवतात. पतींना ‘ग्रेन’ लागे. ग्रेन म्हणजे चित्रावरची बारीक खर, ती शेवटी चढवली की बाहेरून आणलेली वस्तूही मूळ चित्रातलीच वाटते. दोन्हींची पहिली अक्षरे सारखी. त्यामुळे पेटीत वर कोण, यावर आमचे सहा वर्षे भांडण चालले. मी दोनला बसले की पहिल्या एंटरला माझ्या शॉटवर खर चढायची. “सकाळभर काय दळण दळत होतास का?” असे मी विचारी. ते म्हणत, “तू जास्त काम कर, म्हणजे तुझी आज्ञा वर येईल.” ग्रेन बहुधा वरच असे. ते माझ्यापेक्षा कामसू होते, हे येथे नमूद करते. त्यांच्यापाशी कधी केले नाही.

४. मागच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, पाळी संपवून ते घरी गेले, जेवले आणि झोपले. ते उठले नाहीत. मी रात्री सव्वानऊला घरी पोचले. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मी तीन आठवडे रजेवर होते, ती मंजूर झालेली आहे.

५. रजेवरून परतल्यावर मी पेटी उघडली, तर ग्रेड वर होती, ग्रेनच्या नव्वदने पुढे. माझी समजूत अशी झाली की, मधल्या काळात आलेल्या बदली कंपोझिटरने वाटेल तशा आज्ञा चालवून पतींचा आकडा मागे टाकला. तो म्हणाला, “मॅडम, मी चौदावर बसलोच नाही. कसंतरी वाटत होतं. तेरावर बसत होतो.” मी विश्वास ठेवला नाही आणि लेखी तक्रार केली. त्याला चौथ्या मजल्यावर पाठवण्यात आले.

६. संदर्भ क्र. २ चा खुलासा असा : त्या दिवसापासून मी लाँचरमधून ग्रेड चालवलेली नाही. माउसने मेनू उघडते, रंगांच्या रकान्यात जाते, तिथून घेते. दर वेळी सहा-सात सेकंद जास्त जातात आणि दिवसात हे दोनशेदा होते. म्हणून आठवड्याला नऊ शॉट होत ते आठ झाले. शिवाय हजेरीत मी दोनऐवजी एक वीसला आलेली दिसते, त्याचे कारणही देते. सकाळची खुर्ची अजून रिकामी आहे. मी एक काळी चौकट उघडते, तिच्यावर ग्रेन चढवते, काढते, पुन्हा चढवते. रोज तीस वेळा. गेले साडेतीन महिने. आता ग्रेन दोन हजारांहून अधिकने पुढे आहे. या कामाचा जादा वेळ मी मागितलेला नाही.

मला आजकाल काही वाटत नाही, असे शेजारच्या टेबलावरचे लोक आपसात म्हणतात. ते बरोबर आहे. जेवते, झोप लागते, शॉट वेळेवर नसले तरी नीट देते. मात्र टॅब दाबून दोन अक्षरे लिहिली आणि ग्रेन वर दिसली की, आपली पाळी दोनला सुरू होते आणि त्याआधी कोणीतरी इथे बसून गेले आहे, एवढे कळते. पहिल्या पायरीने ते जाईल. म्हणून सूट मागत आहे.

७. येथपर्यंतचा मजकूर सोमवारी लिहिला होता. बुधवारी आपल्या विभागाचा तंत्रज्ञ नव्या लाँचरच्या तयारीसाठी कळफलक बदलायला आला. जुना उचलल्यावर खाली चिकटलेली चिठ्ठी निघाली. त्याने ती कचऱ्याबरोबर टाकली नाही, माझ्या हातात दिली, याबद्दल त्याचे आभार. चिठ्ठी पतींच्या अक्षरात आहे आणि वर त्या मंगळवारची तारीख आहे. मजकूर :

“तुझं ग्रेड वर आणून ठेवलंय. दीडशे वेळा दाबलं, बोटं दुखली. आता भांडू नकोस. दोनला बघ.”

८. त्या मंगळवारी दोनला ते खुर्चीवरून उठताना म्हणाले होते, “आज पेटी उघडून बघ जरा.” मी “बघते” म्हणाले. त्या दुपारी दिग्दर्शकाला शॉट दाखवायचे होते. आम्ही सगळे नऊपर्यंत खालच्या प्रोजेक्शनच्या खोलीत होतो. मी खुर्चीवर बसलेच नाही. घरी फोन केला असता तर तेवढे तरी सांगता आले असते की अजून बघितले नाही.

९. म्हणजे साठने मागे असलेली ग्रेड दीडशेदा दाबून नव्वदचा तो फरक पतींनी स्वतः केलेला होता. बदली कंपोझिटर खरे बोलत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातला प्रकार माझ्या हातून झाला. माझी तक्रार मागे घेतली जावी, त्याला खाली परत आणावे आणि सकाळची रिकामी खुर्ची द्यायचीच झाल्यास त्यालाच द्यावी. त्याची माफी मी चौथ्या मजल्यावर जाऊन मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या मॅडम, तिथे खिडकी आहे.”

१०. साडेतीन महिने रोज चाळीस मिनिटे लवकर येऊन मी जे करत होते, ते त्यांनी शेवटच्या पाळीत केलेले काम मोडण्याचे. साप म्हणून भुई धोपटली. फाईल छापून पाहिली. तीत फक्त आज्ञा आणि तिचा आकडा असतो, कोणी दाबली ते नसते. ग्रेनमधले त्यांचे किती आणि माझे किती, हे आता वेगळे काढता येणार नाही. आपल्या विभागालाही येणार नाही, मी विचारून घेतले आहे.

११. सबब, विषयात मागितलेली सूट आता नको आहे. विषयाची ओळ बदलायला पान पुन्हा टाइप करावे लागेल, तेवढे त्राण नाही. ती तशीच राहू द्यावी. त्याऐवजी विनंती पुढीलप्रमाणे :

संगणक क्र. १४ वरील पायरी क्र. १ मला माझ्या हाताने करू द्यावी. ती सोमवार दि. २१ रोजी दुपारी एक पन्नास ते दोन या वेळेत असावी. त्या दहा मिनिटांत तंत्रज्ञाने खोलीबाहेर थांबावे. पायरी क्र. ५ प्रमाणे नव्या लाँचरमध्ये एक आज्ञा कायमची वर ठेवता येते. तेथे ग्रेड ठेवीन. ग्रेनसाठी खालचा बाण एकदा दाबावा लागेल, तो दाबीन. त्यानंतर गती पूर्ववत होईल, अशी हमी देते.

सदर दहा मिनिटे माझ्या रजेतून वजा करावीत.

सोमवारपर्यंत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
कंपोझिटर, दुपारची पाळी,
संगणक क्र. १४

दिनांक : १४ रोजी लिहायला घेतला, १७ रोजी पुरा केला.

सोबत :
१) वापर-फाईलची छापील प्रत, एक पान.
२) बदली कंपोझिटरविरुद्धची तक्रार मागे घेत असल्याचे पत्र.
३) गेल्या साडेतीन महिन्यांच्या हजेरीचा उतारा.
४) चिठ्ठीची छायाप्रत. मूळ चिठ्ठी जोडलेली नाही. पडताळणीसाठी हवी असल्यास मी ती घेऊन येईन, आपण माझ्यासमोर पाहावी आणि लगेच परत द्यावी.