व्हॅलेन्सियातली एकविसावी संकष्टी

११ जुलै, संध्या. ७
लेकीचं, हर्षालीचं घर झकास. अडचण एकच. स्पेनमधले हॉटेलवाले साडेआठशिवाय शेगडी पेटवत नाहीत. तोवर नाशिकला आमची भांडी घासून होतात. नामपूरच्या कांदा मार्केटात बोली लावत वर आलेला माणूस आहे मी. सातला जेवण मिळवतोच.

११ जुलै, नंतर
मिळालं नाही. हसून चार ऑलिव्ह दिले.

१२ जुलै
संकल्प: भूक इथल्या घड्याळाला लावायची. (चारला बिस्किटं. अपवाद.)
परवा संकष्टी. माझ्या बायपासनंतर बायकोने, प्रतिभाने, माझ्यासाठी एकवीस बोलल्या होत्या. ही शेवटची. जोडीने करू, असं मीच म्हणालो. विमानात, जेवण झाल्यावर.

१३ जुलै
हर्षालीने मोबाइलवर पाहिलं. इथे चंद्र पावणेबाराला! मी म्हटलं, नाशिकचा चंद्रोदय धरू. म्हणजे इथे साडेसहाच्या आत सुटका. प्रतिभा म्हणाली, अहो, आपण उभे आहोत तिथला चंद्र. नाशिकचा दिसतोय का तुम्हाला?
ठीक. उद्या दाखवतोच.

१४ जुलै, सकाळी
साबुदाणा खाल्ला. उपवास हा सगळा मनाचा खेळ.

दुपारी ४
मनाला भूक लागली.

संध्या. ७
फिरायला गेलो होतो. डॉक्टरांनीच सांगितलंय. गल्लीत सगळी शटरं खाली. पण माझे कान! एका अर्ध्या शटरमागे तेल तडतडत होतं. आत बटाट्याचा जाड, पिवळा, गोल थर. बटाटा उपवासाला चालतो. आत आणखी काय, ते विचारलं नाही. भाषा येत नाही. शिवाय नाशिकला चंद्र वर आलेला. दोन तुकडे घेतले. मालकाने पाठीवर थाप मारली, म्हणून तिसरा.

संध्या. ८
प्रतिभा गॅलरीत बसलीय. ओठ सुकलेत. म्हणाली, तुमच्या हार्टचं बघा, हवं तर तुम्ही सोडा. मी म्हटलं, छे, जोडीने. ढेकर गिळला.
सांगून टाकावं. पण उपाशी पोटी तिला कसं ऐकवायचं? चंद्र आला की सांगतो.

१५ जुलै, सकाळी
रात्री चंद्र आला. प्रतिभाने ओवाळलं, पुटपुटली. माझ्या कानांना ऐकू आलंच: यांना सांभाळ रे बाबा. सांगायचं राहिलं.
हर्षाली म्हणाली, पप्पा, आता गरम काहीतरी खाऊ. नेमकं त्याच गल्लीत नेलं. मी म्हटलं, दुसरीकडे बघू. बाकी बंद. मालकाने मला मिठीच मारली आणि न सांगता तीन पिवळे तुकडे पुढ्यात ठेवले. हर्षालीने त्याला काहीतरी विचारलं. तो हौसेने सांगत सुटला. तिने सगळं मराठीत सांगितलं, अंड्यासकट.
प्रतिभाने भाजी संपवली. म्हणाली, पुढच्या महिन्यापासून परत पहिली. मी म्हटलं, या वेळी सगळ्या मी धरतो. तिने मान डोलावली आणि हर्षालीला म्हणाली, उद्या साडेसहाला पप्पांचं टेबल सांगून ठेव.

१५ जुलै, संध्या. ८
टेबल खरंच सांगितलेलं. प्रतिभा समोर, हाताची घडी घालून.
मालकाने आणलेले तिन्ही तुकडे तसेच परत गेले.